पाण्यावरचा भूसंपर्क



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी विजेचा पहिला धडा घेतला, त्याच शाळेत सरांच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानासाठी उभे राहण्याचा योग आज आला, ही माझ्या दृष्टीने भाग्याची आणि तितकीच संकोचाची गोष्ट आहे. संकोच अशासाठी, की मी विद्वान नव्हे. आयुष्याची पंधरा वर्षे मी नौदलात वीजविभागातील खलाशी म्हणून काढली आणि पुढची पंचवीस वर्षे येथे कोठीत, ट्रूप बाजारातील एका लहानशा दुकानात विजेची कामे करण्यात गेली. विषय कोणता घ्यावा, असे मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारले तेव्हा, ‘तुमच्या हातांना जे ठाऊक आहे तेच सांगा,’ असे त्या म्हणाल्या. म्हणून शिडाच्या बोटीवरील इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे अर्थिंग, म्हणजे त्यांचा भूसंपर्क, हा विषय मी निवडला.

समुद्र येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर आहे. तेव्हा कोठीतल्या मुलांना बोटींशी काय कर्तव्य, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु आपल्यापासून चार-पाच किलोमीटरांवरच्या हुसेनसागरात लेझर जातीच्या चिमुकल्या शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात, हे आपण जाणता. आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघून २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतलेल्या ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या बोटीवर ज्या सहा महिला अधिकारी होत्या, त्यांतील ऐश्वर्या बोड्डपाटी या आपल्या हैदराबादच्याच. म्हणजे विषय वाटतो तितका परका नाही. शिवाय या विषयाची सुरुवात समुद्रावर झालीच नाही; ती याच शाळेच्या नववीच्या वर्गात झाली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील एका वाड्यात एक बाई पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना धक्का बसून दूर फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण हात पुढे कितीतरी दिवस उचलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते त्या कूलरचा प्लग घेऊन. त्याचे दोनच पाय शिल्लक होते. तिसरा, सर्वांत जाड व लांब पाय, करवतीने कापलेला होता. भिंतीतला सॉकेट दोन छिद्रांचा असल्यामुळे घरातल्या कोणीतरी ही ‘सोय’ केली होती. सरांनी तो प्लग प्रत्येक बाकावरून फिरवला आणि विचारले, “हा पाय इतर दोघांपेक्षा लांब का असतो?” कोणालाच सांगता येईना. तेव्हा त्यांनी सांगितले : प्लग आत घालताना हा पाय सर्वांच्या आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावा, म्हणून. वीज येण्यापूर्वी त्याने हजर असावे आणि ती गेल्यावरच त्याने जावे. मी तो धडा पाठ केला. पुढे एकदा तो विसरलोही. आणि आजचे व्याख्यान मुख्यतः त्या विसरण्याविषयी आहे. ते यथावकाश सांगेन.

प्रथम भूसंपर्क म्हणजे काय ते पाहू. हैदराबादची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर, असे आपण म्हणतो तेव्हा समुद्रसपाटीला शून्य मानलेले असते. विजेच्या व्यवहारातही असेच एक शून्य लागते. जमिनीवर आपण पृथ्वीलाच शून्य मानतो. घरामागे खड्डा खणून त्यात नळी किंवा पत्रा पुरतो, भोवती कोळसा आणि मीठ घालतो, उन्हाळ्यात त्यावर पाणी ओततो. आणि घरातल्या प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगाला तेथवर नेणारी तार जोडतो. आतली २३० व्होल्टची तार कधी सुटून त्या अंगाला लागली, तर प्रवाह या तारेने जोरात वाहतो, फ्यूज उडतो आणि माणूस बचावतो. ती तार नसेल तर यंत्र तसेच भारलेले राहते आणि वाट पाहते. पहिला हात लागेल तो त्याची तार होतो.

बोटीखाली जमीन नाही. लाकडाची किंवा फायबरग्लासची बोट म्हणजे विजेच्या दृष्टीने पाण्यावर तरंगणारी एक काचेची वाटीच. कमांडर दिलीप दोंदे ज्या ‘म्हादई’तून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकट्याने निघाले आणि चार बंदरांत थांबत १९ मे २०१० रोजी जगप्रदक्षिणा पुरी करून परतले, ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तिचे अंग लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लासचे आवरण असलेले आहे. अशा बोटीवर शून्य आयते मिळत नाही, ते बांधावे लागते. आणि ते बांधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते : ‘अर्थिंग’ या एकाच शब्दाखाली चार निरनिराळी कामे दडलेली आहेत. चारही कामांना तांब्याची तारच लागते, म्हणून ती एकच आहेत असा भास होतो. बोटीवरचे बहुतेक घोटाळे या भासातून जन्मतात.

पहिले काम अगदी घरगुती आहे : बॅटरीच्या प्रवाहाला परतीची वाट देणे. बोटीवरची उपकरणे बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. धन टोकाकडून निघालेला प्रवाह काम करून ऋण टोकाकडे परततो, आणि हे ऋण टोक म्हणजेच उपकरणांचे शून्य. आता असे समजा की एका कारागिराने तार वाचवण्यासाठी खोली मोजणाऱ्या यंत्राची ऋण तार बॅटरीपर्यंत न नेता शेजारच्या रेडिओच्या ऋण तारेलाच जोडली. रेडिओची तार अडीच चौरस मिलिमीटर जाडीची व पाच मीटर लांबीची आहे. तिचा रोध ओहमच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका क्षुल्लक, सुमारे ०.०३७ ओहम. परंतु लांब पल्ल्याचा रेडिओ बोलू लागला की पंचवीस-तीस अँपिअर प्रवाह ओढतो. पंचवीस अँपिअर धरले, तरी त्या तारेच्या दोन टोकांत ०.९ व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्राचे ‘शून्य’ एकाएकी जवळजवळ एक व्होल्टाने वर चढते, आणि प्रत्येक शब्दागणिक वरखाली नाचू लागते. कप्तान बंदराशी बोलत असतो, आणि पडद्यावर खोली कधी चार मीटर तर कधी चाळीस दिसते. यंत्र बिघडले म्हणून ते दुरुस्तीला धाडले जाते, आणि यंत्र तर निर्दोष असते.

उपाय सोपा आहे. बॅटरीजवळ तांब्याची एक जाड पट्टी बसवावी आणि प्रत्येक उपकरणाची ऋण तार स्वतंत्रपणे तेथवर आणावी. इंजिनाचे अंगही जाड तारेने तेथेच जोडावे. एकाची तार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नये. महत्त्वाच्या उपकरणांसाठी जाण्या-येण्याच्या तारांत मिळून दाबाची घट ३ टक्क्यांहून अधिक होऊ देऊ नये, असा संकेत आहे. बारा व्होल्टवर ती ०.३६ व्होल्ट होते. हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. ट्रूप बाजारात मिळणारा साधा मल्टिमीटर घ्यावा, एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे उपकरणाच्या ऋण खुंटीला लावावे, आणि रेडिओ बोलता करावा. शांत असताना केलेले मोजमाप येथे कामाचे नाही.

दुसरे काम रेडिओलहरींचे. डोलकाठीच्या टोकावरचा, १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा जवळ पल्ल्याचा रेडिओ आपल्यापुरते शून्य आपल्या अँटेनातच बाळगतो. त्याला पाण्याशी संबंध ठेवावा लागत नाही. परंतु हजारो मैल दूर बोलणारा, २ ते ३० मेगाहर्ट्झचा रेडिओ वेगळा. शिडाच्या बोटीवर डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी तारच दोन्हीकडे निरोधक बसवून त्याची अँटेना म्हणून वापरतात. ती अँटेना म्हणजे झोपाळ्याची एक दोरी. दुसरी दोरी असते खालचे शून्य, आणि ते समुद्राच्या पाण्याशी जोडलेले असावे लागते. ते कच्चे असेल तर कितीही ताकदीचा रेडिओ कुजबुजल्यासारखा बोलतो, उरलेली शक्ती बोटीतल्या तारांतून भटकत राहते, आणि मायक्रोफोन ओठाला लागला तर चटका देते.

येथे जमिनीवरच्या वायरमनचा अनुभव दगा देतो. तीन मीटर लांबीची गोल तार बॅटरीच्या सरळ प्रवाहाला जवळजवळ काहीच अडवत नाही. पण तीच तार १० मेगाहर्ट्झच्या लहरीला सुमारे दोनशे ओहमचा अडथळा करते, कारण इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला तारेभोवतीचे चुंबकक्षेत्र दर वेळी विरोध करते. शिवाय असा प्रवाह धातूच्या पोटातून न जाता केवळ त्वचेवरून धावतो. म्हणून येथे तारेऐवजी तांब्याच्या पातळ पत्र्याची तीन-चार इंच रुंद पट्टी लागते, आणि तीही शक्य तितकी आखूड. ही पट्टी पाण्यातल्या धातूला जोडताना मध्ये थोडी कापतात आणि त्या फटीवर लहान धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, बसवतात. ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र बॅटरीच्या सरळ प्रवाहाला भिंतीसारखे असते आणि १० मेगाहर्ट्झच्या लहरीला उघड्या दारासारखे. ही फट कशासाठी, ते तिसऱ्या कामात कळेल.

तिसरे काम आहे धातू वाचवण्याचे. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात बुडवून तारेने जोडले की त्यांची बॅटरी होते. हा प्रयोग आठवीतली मुले लिंबावर करतात. बोटीच्या तळाशी कांशाचा पंखा, पोलादी दांडा, तांब्याची पट्टी असे अनेक धातू असतात. ते एकमेकांना जोडले की त्यांतला अधिक हळवा धातू झिजू लागतो. ब्रिटिश नौदलाने हे मोठी किंमत देऊन शिकून घेतले. ‘अलार्म’ नावाच्या लाकडी जहाजाच्या तळाला १७६१ साली तांब्याचा पत्रा ठोकला होता. १७६३ साली ते पाहिले, तर पत्रा ठीक, पण लोखंडी खिळे खाऊन गेलेले. जेथे पत्रा व खिळा यांच्यामध्ये चुकून खाकी कागद राहिला होता, तेथले खिळे मात्र शाबूत होते. पुढे १८२४ साली हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने याच तत्त्वाचा उलट उपयोग सुचवला : तांब्याला जस्त किंवा लोखंड जोडा, म्हणजे ते झिजेल आणि तांबे वाचेल. तांबे खरोखरच वाचले. पण तांबे विरघळेनासे झाले तेव्हा त्याच्या विषाला भिणारे शिंपले आणि शेवाळ तळाला येऊन चिकटले, आणि जहाजे मंदावली. एक दुखणे बरे करताना दुसरे ओढवून घेण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आजही पंख्याच्या दांड्यावर जस्ताची वडी बसवतात, ती डेव्हीचीच. ती झिजावी म्हणूनच असते आणि वेळोवेळी बदलावी लागते.

आता वरची फट ध्यानात येईल. रेडिओची तांब्याची पट्टी सरळ जोडली, तर तिच्या रूपाने आणखी एक मोठे तांबे या बॅटरीत सामील होते. धारित्र ठेवले की लहरींना वाट मिळते आणि झिजेची वाट बंद होते. दोन कामांचा झगडा एका पैशाच्या वस्तूने मिटतो, पण झगडा आहे हे आधी ओळखावे लागते.

चौथे काम आकाशातल्या विजेचे. मोकळ्या पाण्यात सर्वांत उंच वस्तू डोलकाठी हीच असते. आकाशातली वीज तीस हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह घेऊन येते, आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. एवढ्या वेगाने चढणारा प्रवाह सरळ तांब्याच्या तारेतही दर मीटरला दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब उभा करतो. म्हणून तिला डोलकाठीच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत जाड, सरळ, वळणे नसलेली वाट द्यावी लागते. काटकोनात वळवलेली तार ती मानत नाही, उडी मारून जवळच्या दुसऱ्या धातूकडे जाते. विल्यम स्नो हॅरिस यांनी एकोणिसाव्या शतकात लाकडी डोलकाठीत तांब्याच्या पट्ट्या बसवून त्या थेट पाण्यापर्यंत नेण्याची पद्धत काढली. डार्विनला घेऊन १८३१ ते १८३६ या काळात जगभर फिरलेल्या ‘बीगल’वर त्या होत्या. खाऱ्या पाण्यात निदान एक चौरस फूट धातूचा पत्रा बुडालेला असावा, हा जुना दंडक आहे. गोड्या पाण्यात तेवढा पुरत नाही.

इतके करूनही विजेच्या आघातातून उपकरणे वाचतील, अशी हमी कोणी देऊ नये. या वाटेचा हेतू माणसे आणि बोटीचा तळ वाचवणे हा आहे. म्हणून अनुभवी दर्यावर्दी वादळ दिसताच हाती धरायचे दिशादर्शक यंत्र आणि लहान रेडिओ धातूच्या बंद पेटीत, किंवा चक्क प्रेशर कुकरात, ठेवून देतात. चारी बाजूंनी धातू असला की आत विजेचा शिरकाव होत नाही, हे फॅरडेने १८३६ साली स्वतः धातूने मढवलेल्या खोलीत बसून दाखवले होते.

अशी ही चार कामे. आता मी ज्यासाठी इतका वेळ घेतला, ती गोष्ट सांगतो.

नौदलातून बाहेर पडून दुकान थाटल्यावर चार-पाच वर्षांनी एका परिचिताने मला आपल्या शिडाच्या बोटीवर बोलावले. ती एका धरणाच्या जलाशयावर, लाकडी धक्क्याला बांधलेली असे. धक्क्यावरून २३० व्होल्टची केबल आत घेतली होती आणि तिच्यावर बॅटरी भरणारा चार्जर चालत असे. तक्रार एवढीच होती की चार्जर सुरू असताना रेडिओत भुणभुण ऐकू येते. मी दिवसभर शोधले. बॅटरीचे ऋण, इंजिन आणि चार्जरचे अंग ही एकत्र जोडलेली होती, तशी ती असावीतच. त्यांना चार्जरच्या हिरव्या तारेतून धक्क्यावरचे अर्थिंग मिळत होते. इकडे बोटीचे शून्य आणि तिकडे जमिनीचे शून्य, आणि दोन शून्यांमधल्या किंचित फरकामुळे एक छोटा प्रवाह फिरत होता. भुणभुण त्याचीच होती. मी प्लग उघडला, हिरवी तार कापली, तिचे टोक टेपने गुंडाळले. रेडिओ स्वच्छ झाला. मालक खूश झाले, मीही झालो. निदान अचूक होते, याचा मला अभिमानही वाटला.

पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात त्या चार्जरच्या आतले वेटोळे जळले आणि २३० व्होल्टची बाजू त्याच्या अंगाला लागली. हिरवी तार असती तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. ती नव्हती. वीज चार्जरच्या अंगातून ऋण पट्टीत, तेथून इंजिनात, दांड्यात आणि पाण्यातल्या पंख्यात उतरली. गोड्या पाण्यातून जमिनीकडे जाणारा प्रवाह काही अँपिअरचा. फ्यूजला त्याची दखलही नाही. बोटीवर दिवे लागत होते, पंखा फिरत होता, सर्व काही नेहमीसारखे होते.

त्या दुपारी धक्क्याजवळ मुले पोहत होती. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बोटीच्या मागच्या बाजूला गेला आणि ‘हात हलत नाहीत’ असे ओरडून खाली जाऊ लागला. त्याचा मोठा भाऊ उडी मारणार, इतक्यात धक्क्यावरच्या वृद्ध राखणदाराने त्याला दंडाला धरून मागे ओढले आणि आधी धावत जाऊन मुख्य स्विच पाडला. मग त्यानेच पाण्यात उतरून मुलाला बाहेर काढले. मुलगा वाचला. राखणदार शाळेत गेलेला नव्हता. पण एकदा विहिरीच्या मोटारीवर त्याने दोन माणसे पाठोपाठ गेलेली पाहिली होती. पहिला धक्क्याने गेला आणि दुसरा त्याला वाचवायला गेला म्हणून.

गोडे पाणी येथे खाऱ्या पाण्यापेक्षा अधिक घातक ठरते, हे पुष्कळांना उलटे वाटते. समुद्राचे पाणी इतके वाहक असते की प्रवाह माणसाला वळसा घालून त्यातूनच जातो. तलावाचे पाणी समुद्राच्या मानाने शंभर पटींहून कमी वाहक. आणि माणसाचे शरीर आतून खारे. प्रवाहाला पाण्यापेक्षा माणूस सोपा वाटतो. दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाह स्नायू आखडून टाकायला पुरतो. पोहणारा बुडतो तेव्हा त्याच्या अंगावर जखम नसते, आणि लोक म्हणतात, दम संपला असेल.

मला निरोप आला तेव्हा मी बोटीवर जाऊन प्लग उघडला. माझाच टेप, माझ्याच हातची गुंडाळी. मालकांना मी खरे काय ते सांगितले. त्या मुलाच्या घरीही गेलो. त्याच्या आईने मला पाणी दिले आणि एवढेच विचारले, “तुम्हाला ठाऊक नव्हते का?” मला ठाऊक होते. नववीपासून ठाऊक होते. कूलरचा पाय कापणाऱ्यालाही भिंतीतल्या सॉकेटचा प्रश्न सोडवायचा होता, मला रेडिओच्या भुणभुणीचा. आम्हा दोघांनीही आपापला प्रश्न सोडवलाच होता.

त्या भुणभुणीवर योग्य उपाय होते, तेही सांगितले पाहिजेत. धक्क्याची वीज आणि बोटीची वीज यांच्यामध्ये विलगकारी रोहित्र बसवता येते. मग दोन्ही बाजूंची शक्ती केवळ चुंबकातून जाते आणि दोन शून्ये एकमेकांना छळत नाहीत. ते अवजड आणि महाग वाटले, तर हिरव्या तारेत डायोडांचा एक संच घालतात. तो सुमारे एक व्होल्टपर्यंतचा किरकोळ, धातू खाणारा प्रवाह अडवतो, आणि खरा बिघाड झाला की मोठा प्रवाह बिनतक्रार जाऊ देतो. यातही तो संच तेवढा भार सोसणारा हवा. शेजारच्या बोटीच्या धातूला आपली जस्ताची वडी वाचवत बसते, या धक्क्यावरच्या नेहमीच्या तक्रारीलाही हाच इलाज आहे. आणि याखेरीज धक्क्यावरच्या प्रत्येक जोडणीवर तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे. आपल्या घरीही तो असावा. कूलर बाहेर काढण्याआधी त्याचे परीक्षेचे बटण दाबून पाहावे. तो पडला तर जागा आहे, न पडला तर त्याच दिवशी बदलावा.

तेव्हा ज्यांना पुढे कधी बोटीवर, विमानात, रुग्णालयात किंवा स्वतःच्या स्वयंपाकघरात तारा जोडाव्या लागतील, त्यांच्यासाठी माझ्या चाळीस वर्षांचे सार एवढेच. कोणतीही अर्थिंगची तार हाती आली की आधी विचारावे, ही चौघींपैकी कोणती? परतीची असेल तर जाड आणि स्वतंत्र करा. लहरींची असेल तर रुंद आणि आखूड करा. झिजेची असेल तर कोणता धातू बळी जाणार ते आधीच ठरवा. आकाशातल्या विजेची असेल तर सरळ ठेवा. आणि माणसाला वाचवणारी हिरवी तार या चौघींच्याही आधीची समजा. इतर तारांचे भांडण तिला न दुखवता मिटवायचे असते. ती आपल्याला काही देत नाही, दिवा लावत नाही, आवाज सुधारत नाही. वर्षानुवर्षे तिच्यातून एक कणही प्रवाह जात नाही, म्हणून ती निरुपयोगी वाटते आणि कापली जाते.

त्या घटनेनंतर मी सरांना भेटायला गेलो होतो. ते निवृत्त झाले होते आणि दृष्टी अधू झाली होती. मी सर्व सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटातून एक डबा आणायला सांगितला. त्यात तोच कूलरचा प्लग होता, कापलेल्या पायाचा. दर वर्षी नववीच्या वर्गात ते तो फिरवीत असत, आणि निवृत्त झाल्यावर कोणाला द्यावा हे त्यांना सुचले नव्हते. तो त्यांनी माझ्या हाती दिला. दुकान होते तोवर तो गल्ल्याशेजारी, गिऱ्हाइकांना दिसेल असा टांगलेला होता.

आज तो मी बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो बाईंच्या स्वाधीन करीन. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळावी, आणि नववीच्या प्रत्येक तुकडीतून तो एकदा तरी फिरावा, एवढी माझी विनंती आहे.